टोमॅटो सूप, खाली डावीकडे

गावाबाहेर खडीची खाण आहे. आता खडी कोणी नेत नाही.
सस्कॅचेवानचं सपाट रान तेवढं तिथेच खचतं,
वीसेक फूट मातीची भिंत उभी राहते
आणि गोळी तिच्या पोटात शिरून गप्प बसते.
म्हणून आम्ही तिथे जातो, रविवारी नेमाने,
तीननंतर, सूर्य पाठीशी आला की.

दोन बादल्यांवर फळी. फळीवर आठवडाभराचं जेवण:
मका, घेवडा, तीन टोमॅटो सूप,
रंगाचा एक डबा, हिरव्याचे ओघळ वाळलेले,
आणि वेराने झाडाखालून वेचून आणलेली
किडकी, आंबट, लिंबाएवढी सफरचंदं.
कारण सफरचंद फुटतं तेव्हा हसू येतंच.
पन्नाशीतही येतं.

रायफल बावीसची. बोल्ट हाताने मागेपुढे करायचा.
दस्त्याला चीर, चिरेवर तांब्याची तार.
काडतूस करंगळीच्या पेराएवढं, आवाजही बेताचा,
कोणी कोरडी काटकी मोडावी तसा.
खेळणंच आहे, असं म्हणायचा मोह होतो.
बाबा म्हणू देत नाहीत.
"दीड किलोमीटर जाते ती," म्हणतात,
"तुझ्या अकलेपेक्षा लांब."

बाबांची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. सगळी नाही.
कडा राहिल्या, मधलं गेलं.
माणसाचे कान दिसतात, चेहरा नाही.
ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं.
पहिला उन्हाळा ते घरीच बसले, रेडिओ लावून.
यंदा मे महिन्यात गाडीचं दार उघडलं
तर आधीच आत, घडीची खुर्ची मांडीवर,
आणि चेहऱ्यावर, उशीर तुम्हीच केलात, असा भाव.

कालिना, माझी भाची, अकरा वर्षांची,
पोटावर आडवी, गाल दस्त्याला.
टप्. मग पलीकडे, टण्ण.
"टोमॅटो सूप," बाबा म्हणाले. "खाली, डावीकडे."

सगळ्यांचे बोल्ट उघडे, रायफली जमिनीवर,
मग ती धावत गेली.
खाली होतं. डावीकडे होतं.
"आजोबा, कसं?"
"मक्याचा डबा कुरकुरतो. सूपचा बोलतो.
रंगाचा डबा नुसता खोकतो."
मग ड्वेनची पाळी. टप्.
"माती."
टप्.
"माती. जावईबापू, मातीत तुमचा हात कोण धरणार?"

"आता तुम्ही मारा," कालिना म्हणाली.
आम्ही सगळे डब्यांकडे बघू लागलो.
त्यांनी रायफल घेतली. दस्ता खांद्यात असा बसला
जसा जुना कुत्रा पायाशी येऊन बसतो.
"समोर काय आहे?"
"फळी. डबे."
"मागे?"
"भिंत."
"माणूस?"
"नाही."
बराच वेळ ते तसेच.
मग बोल्ट उघडला, काडतूस तळहातावर घेतलं, तिला दिलं.
"तुझ्या शब्दावर विश्वास आहे," म्हणाले,
"पण बघायचं काम उसनं घेता येत नाही."

ती काही बोलली नाही. पुन्हा आडवी झाली.
टप्. पलीकडे काहीच नाही.
"माती?" त्यांनी विचारलं, पहिल्यांदाच विचारलं.
"सफरचंद."
"अस्सं. कसं गेलं, सांग."
आणि तिने सांगितलं, उशिरापर्यंत सांगत राहिली,
बिया कुठे उडाल्या, मधमाशी कशी घाबरली,
त्यातलं निम्मं खोटं होतं, तिच्या मामाला कळत होतं.

ऊन उतरलं. डबे गोणीत भरले, भिंत तिथेच ठेवली.
पुंगळ्या मात्र गवतात सांडलेल्या, तांदळासारख्या बारीक,
आणि आमच्या चांगल्या डोळ्यांना
सापडेनात.
बाबा गुडघ्यांवर बसले. मान वळवून
दूर धान्याच्या कोठाराकडे बघत राहिले
आणि नजरेच्या कडेला जे जे चमकलं
ते हात घालून उचललं. एक, एक, एक.
खोक्यात पन्नास होती. एक कालिनाच्या खिशात, न उडवलेलं.
एकोणपन्नास पुंगळ्या हव्यात.
अठ्ठेचाळीस झाल्या.
"थांबा," म्हणाले, तोंड अजून भलतीकडेच,
"कोणी हलू नका."